फूटस्टेप की रॉक स्लायडर: घरच्या फोर-बाय-फोरला काय बसवावं आणि कसं

दुकानात दोन्ही वस्तू शेजारी टांगलेल्या असतात. दोन्ही काळ्या, दोन्ही नळीच्या, दोन्ही दाराखाली बसणाऱ्या. नवीन थार किंवा जिम्नी घेतलेला माणूस बहुतेक वेळा जी दिसायला दणकट ती उचलतो आणि पहिल्या पावसाळ्यातच दाराचा खालचा पत्रा चेपून डेंटरकडे जातो. म्हणून आधी एवढं पक्कं करून घ्या: फूटस्टेपवर माणसाचं वजन पडायचं असतं, स्लायडरवर गाडीचं. पायाखाली जास्तीत जास्त शंभर-सव्वाशे किलो येतात. दगडावर टेकलेल्या नळीवर थारचा निम्मा भार आला तरी पाऊण टनाच्या वर जातो, आणि गाडी आपटत खाली आली तर त्याहून कितीतरी जास्त.

हा भार पुढे कुठे जातो, यावर बाकी सगळं ठरतं. फूटस्टेपचे ब्रॅकेट साधारण तीन मिमी पत्रा वाकवून केलेले असतात आणि बऱ्याचदा आठ मिमीच्या बोल्टवर थेट बॉडीला लटकतात. खालून दगडाचा धक्का बसला की ब्रॅकेट वर वळतो आणि दाराखालच्या पट्ट्यात, म्हणजे सिलमध्ये, घुसतो. सिल वाकली की दार घासायला लागतं, रबर नीट बसत नाही आणि पाणी आत येतं. स्लायडरचे पाय मात्र जाड प्लेटवरून थेट चासीवर येतात, त्यामुळे बॉडीला त्या धक्क्याची खबरही लागत नाही. अर्थात नीट बनवला असेल तर.

आधी गाडीखाली आडवे व्हा

चटई टाका, टॉर्च घ्या आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत लांबच लांब जाणारे दोन जाड पोलादी पट्टे दिसतात का ते बघा. थार, थार रॉक्स, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर या गाड्यांना अशी शिडीसारखी वेगळी चासी असते आणि बॉडी तिच्यावर रबराच्या बुशांवर बसवलेली असते. स्लायडर या गाड्यांसाठीच आहे.

क्रेटा, डस्टर, एक्सयूव्ही ७०० यांना वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. अशा गाडीला चार बोल्टवर ‘रॉक स्लायडर’ बसवून देतो असं कुणी म्हणालं तर तो वेगळ्या नावाचा फूटस्टेपच विकतोय, कारण त्याचा भार शेवटी सिलच्या पत्र्यावरच येणार. या गाड्यांत सोयीसाठी फूटस्टेप लावायचा तर लावा, आणि दगडांच्या वाटेपासून लांब राहा.

मग वाट बघा

वर्षातले बहुतेक दिवस शहरात, चार-सहा वेळा कोकणात गावी, एखादी लडाखची सफर, असा वापर असेल तर स्लायडरची गरज नाही. डांबरी घाट, शेतातला कच्चा रस्ता, गुडघाभर पाण्याचा ओढा यांत सिलला दगड लागण्याची वेळ सहसा येत नाही.

गरज पडते ती तीन ठिकाणी. पहिलं, नदीचं पात्र: बेसॉल्टचे गोटे चाकाखालून निसटतात आणि गाडी कडेने खाली बसते. दुसरं, सह्याद्रीच्या वाटांवर पाण्याने खणलेल्या खोल चाकोऱ्या: एक चाक आत गेलं की तिरपी झालेली गाडी दुसऱ्या काठावर पोटाने टेकते. तिसरं, कोकणातला सडा: जांभ्याच्या पायऱ्या-पायऱ्यांसारख्या कडा असतात, पुढचं चाक चढून जातं आणि मधला भाग कडेवर आपटतो.

यात गाडीची लांबी फार बोलते. सुझुकीच्या तीन दारी आणि पाच दारी जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स सारखाच, २१० मिमी. पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २२५० मिमीवरून २५९० वर गेला आणि पोटाचा कोन, ज्याला कंपनी रॅम्प ब्रेकओव्हर म्हणते, २८ अंशांवरून २४ वर उतरला. थारचंही तसंच: तीन दारी २४५०, रॉक्स २८५० मिमी. घरासाठी पाच दारी घेतलीत तर पोट टेकण्याची शक्यता तुम्ही स्वतःहून वाढवली आहे, हे गणितात धरा. त्यात सिलच्या खाली आणखी चार-पाच सेंटिमीटर लोंबणारा फूटस्टेप लावला की उरलेले अंशही तो खातो.

म्हणूनच एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते पण खरी आहे: दगडांच्या वाटेवर जायचं आणि स्लायडर अजून घेतलेला नाही, तर फूटस्टेप काढून ठेवून जा. उघडी सिल जमिनीपासून उंच असते आणि घासली तरी एका जागी घासते. फूटस्टेपसकट आपटली तर जिथे जिथे ब्रॅकेट, तिथे तिथे खड्डा.

आजीची उंची विटांनी मोजा

कुटुंबाच्या गाडीत हा प्रश्न दगडांपेक्षा मोठा असतो, आणि स्लायडर घेणारे बरेच जण तो विसरतात. चांगला स्लायडर सिलला चिकटून उंच बसतो. म्हणजे जमिनीपासून त्याची वरची बाजू बऱ्याच गाड्यांत चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जाते. घरातल्या जिन्याची पायरी पंधरा ते अठरा सेंटिमीटर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, नऊवारी-सहावारी नेसलेल्या बाईला आणि पाच वर्षांच्या पोराला हा फरक लगेच कळतो.

अंदाज नको, मोजा. नेहमीची वीट आडवी ठेवली की साधारण साडेसात सेंटिमीटर उंच भरते. गाडी सपाट जागी उभी करा, दाराजवळ दोन विटांचा थर रुंद आणि डगमगणार नाही असा रचा, आणि घरातल्या सगळ्यात त्रास होणाऱ्या माणसाला धरून, आधार देऊन चढवा. मग तीन, मग चार. जिथे त्यांना दोन्ही हातांनी ओढून घ्यावं लागतं, त्याच्या एक थर खाली तुमची पायरी हवी. चार विटा, म्हणजे तीस सेंटिमीटर, हीच हद्द ठरली तर स्लायडर एकटा चालणार नाही.

त्यावर उपाय तीन. दाराच्या खांबाला पकडायला हँडल बसवणं सगळ्यात स्वस्त, आणि निम्म्या घरांचा प्रश्न तेवढ्यानेच सुटतो. दुसरा उपाय घडीचा ॲल्युमिनियमचा स्टूल डिकीत ठेवणं; दिसायला बावळट, पण आजीला सगळ्यात आवडणारा. तिसरा, स्लायडरलाच चेकर्ड प्लेट मारून तीन-साडेतीन इंच रुंद पाऊल ठेवायची जागा करणं. याने उंची कमी होत नाही, पण गोल नळीवरून ओला बूट सटकणं थांबतं. गोल नळीवर पाऊल ठेवायची सवय कुणालाच नसते आणि पावसाळ्यात तीच नळी साबणासारखी होते.

मोटरवर खाली येणारे आणि दार लावल्यावर आत जाणारे फूटस्टेपही मिळतात. शहरात छान. लाल चिखलात सांध्यांमध्ये माती बसते, मोटर जोर करत राहते आणि एक दिवस पायरी बाहेरच अडकते. गावच्या रस्त्यावर वारंवार जाणाऱ्याने यात पैसे घालू नयेत.

स्लायडर घेताना काय तपासायचं

तयार घ्या किंवा फॅब्रिकेटरकडून बनवून घ्या, कसोटी एकच: पाइप, पाय, प्लेट, आणि सिलपासूनची फट.

पाइपची जाडी. बाजारात दीड इंची म्हणून मिळणाऱ्या ४० एनबी (एनबी म्हणजे आतल्या व्यासाचं ढोबळ माप) पोलादी पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो. त्यात हलका, मध्यम आणि जड असे ए, बी, सी क्लास येतात. आपल्याला सी क्लास हवा, चार मिमी जाडीचा. विकणारा सगळ्यालाच ‘हेवी’ म्हणतो, म्हणून वजन करा: सी क्लासचा एक मीटर तुकडा ४.४ किलोच्या आसपास भरतो, बी क्लासचा साडेतीनच्या थोडा वर, ए क्लासचा सव्वातीन. फॅब्रिकेटरकडे उरलेला तुकडा मागा आणि काट्यावर ठेवा. सीमलेस मिळाला तर उत्तम. शिवणीचा असेल तर वाकवताना शिवण बाकाच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला येऊ नये, कडेला असावी. जिन्याच्या रेलिंगचा चकचकीत स्टेनलेस पाइप वापरून केलेले ‘स्लायडर’ही दिसतात. त्याची भिंत दीड मिमीच्या आसपास. दगडावर तो चपटा होतो.

पाय किती. तीन दारी गाडीला प्रत्येक बाजूला कमीत कमी तीन, पाच दारीला चार. दोन पायांमधलं अंतर अर्ध्या मीटरच्या पुढे गेलं की मधला पाइप झोळीसारखा वाकतो. शेवटचा पाय मागच्या चाकाच्या जितका जवळ तितका बरा, कारण गाडी कडेवरून उतरताना सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो.

प्लेट आणि बोल्ट. चासीला लागणारी प्लेट सहा मिमी जाड, साधारण २०० बाय १२० मिमी. पाय आणि प्लेट यांच्या कोनात त्रिकोणी आधारपट्टी वेल्ड केलेली हवी. ती नसली तर वेल्डच्या कडेलाच तडा जातो. बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर तसा आकडा कोरलेला असतो. दहा किंवा बारा मिमी, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा) आणि जाड वायसरसह.

फट. स्लायडर आणि सिल यांच्यामध्ये वीस-पंचवीस मिमी मोकळी जागा हवीच. बॉडी रबरी बुशांवर हलते, चासी वेगळी पिळते आणि स्लायडर भाराखाली थोडा वर येतो. चिकटवून बसवलेला स्लायडर छान दिसतो आणि पहिल्याच आदळण्यात सिलला तासून काढतो.

बाहेर किती यावा? दाराच्या पत्र्यापेक्षा थोडा पुढे, म्हणजे गाडी झुकली तरी दार दगडापासून वाचेल. पण चाकाच्या कमानीच्या बाहेरच्या रेषेच्या आत. बाहेरची नळी किंचित वर उचललेली, दहा ते पंधरा अंश, असेल तर गाडी तिरपी झाल्यावर ती दगडावरून घसरते, अडकत नाही. मागच्या टोकाला बाहेर काढलेला बाक झाडाला टेकवून गाडी वळवण्यासाठी असतो असं परदेशी व्हिडिओंत दाखवतात. आपल्या जंगलवाटांवर झाडाला त्या कामाला लावू नका.

वजनाचंही बघा. अशा मापांचा एक स्लायडर वीस ते पंचवीस किलो, जोडी चाळीस-पन्नास. म्हणजे घरातलं एक मोठं पोर कायमचं गाडीत बसलेलं आहे असं धरा. ॲल्युमिनियमच्या फूटस्टेपची जोडी याच्या निम्म्याहून कमी भरते.

वेल्डिंग की बोल्ट

बोल्टच. फॅब्रिकेटर ‘चासीलाच मारून देतो, आयुष्यभर हलणार नाही’ म्हणेल. पण वेल्डच्या कडेचं पोलाद उष्णतेने बदलतं आणि थकून तडकतं ते तिथेच. चासीच्या आतला गंजरोधक थर जळतो आणि आतून गंज सुरू होतो, जो दिसत नाही. शिवाय तिथूनच इंधनाची आणि ब्रेकची नळी, वायरिंगचा जुडगा जातो. अपघातानंतर विम्याच्या सर्वेक्षकाला चासीवरचं वेल्डिंग दिसलं तर प्रश्न निघणार.

चासीत नवीन भोकं पाडायची वेळ शक्यतो आणू नका. कंपनीने ठेवलेली भोकं आणि यू-बोल्ट वापरून बसणारा नमुना निवडा. पाडावीच लागली तर उभ्या बाजूच्या मधल्या भागात, वरच्या किंवा खालच्या पट्टीत कधीच नाही, कारण वाकताना सगळा ताण त्या दोन पट्ट्यांवर असतो. चासी पेटीसारखी बंद असेल आणि बोल्ट आरपार जात असेल तर आत नळीचा तुकडा घालायलाच हवा. तो नसेल तर बोल्ट आवळताना पेटीच्या भिंती आत दबतात, आवळल्यासारखं वाटतं आणि पंधरा दिवसांत बोल्ट सैल. ‘बसवल्यापासून कटकट आवाज येतो’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा हेच निघतं.

बसवण्याचा क्रम

दोन माणसं, अर्धा दिवस. लागणारं सामान: १७ आणि १९ चे गोटी पाने, टॉर्क पाना, दोन जॅक, दोन घोड्या, गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, झिंक प्रायमर.

आदल्या संध्याकाळी गाडीचं पोट धुऊन वाळवा आणि जुन्या फूटस्टेपच्या सगळ्या बोल्टवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी जबरदस्ती केली तर बॉडीतला वेल्ड केलेला नट सुटून आत फिरायला लागतो, आणि मग एका बोल्टसाठी दोन तास जातात.

फूटस्टेप काढताना एकाने खालून धरावं. निघालेले बोल्ट डाव्या-उजव्या पिशव्यांत वेगळे ठेवा. गाडी विकताना फूटस्टेप परत लावायला उपयोगी पडतात. उघड्या पडलेल्या भोकांना रबरी बूच लावा, नाहीतर चाकाने उडवलेलं पाणी सिलच्या पोटात साठतं. सिलमध्ये किंवा मधल्या खांबाच्या तळाशी ड्रिल चालवू नका. बऱ्याच गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर तिथेच असतो.

आता चासीवर प्लेट बसणार ती जागा ब्रशने साफ करून प्रायमर मारा. तिथून कोणती नळी, कोणती वायर जाते ते बोटाने चाचपून बघा, आणि सायलेन्सर ज्या बाजूला आहे तिथे स्लायडरच्या पायापासून हात जाईल एवढं अंतर राहतंय ना ते तपासा. स्लायडर दोन जॅकवर लाकडाचे ठोकळे ठेवून वर आणा. सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवा, एकही आवळू नका. पहिलाच बोल्ट कसला की शेवटचं भोक जुळत नाही, हा नवख्याचा ठरलेला अनुभव. फट पुढून मागेपर्यंत सारखी आहे का बघा, चारही दारं पूर्ण उघडून बघा, मग मधल्या पायापासून टोकांकडे जात आवळा. ८.८ ग्रेडच्या दहा मिमी बोल्टला साधारण ४५ न्यूटन-मीटर, बारा मिमीला ८० च्या आसपास. बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा.

प्रत्येक नटवरून प्लेटपर्यंत पांढऱ्या मार्करने रेष ओढा. नट फिरला की रेष तुटते आणि वाकून एका नजरेत कळतं. शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशेनंतर टॉर्क पाना लावा, कारण प्लेट आणि चासीच्या मधला रंगाचा थर दबतो आणि बोल्ट तेवढाच ढिला पडतो.

मग चाचणी. सपाट, पक्क्या जमिनीवर, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पलीकडच्या चाकांना दगडाची उटी, आत कुणी नाही, खाली कुणी नाही. ट्रॉली जॅक बाहेरच्या नळीच्या मध्यावर लावून त्या बाजूचा भार चाकांवरून स्पष्ट उतरेपर्यंत उचला. चाकं हवेत जायची गरज नाही. फट मोजा, खाली आणा, पुन्हा मोजा. भाराखाली काही मिमी कमी होऊन परत आली तर ठीक. परत आली नाही, किंवा उचललेली असताना स्लायडर सिलला टेकला, तर तो पाऊल ठेवायलाच वापरा. ही चाचणी फूटस्टेपवर करू नका.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल चालत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, ते पादचारी आणि आतले प्रवासी या दोघांच्या सुरक्षेसाठी. स्लायडर पुढच्या बंपरवर नसतो, पण बाजूला टोकं काढलेला, कमानीच्या बाहेर आलेला स्लायडर रस्त्यावर अडवला जाऊ शकतो, आणि दुचाकीस्वाराच्या पायालाही तो धोका आहेच. टोकं गोल आणि बंद हवीत. बसवण्याआधी आरटीओकडे विचारा, वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या आणि विमा कंपनीला ॲक्सेसरी म्हणून कळवा.

पावसाळा आणि रंग

पावडर कोटिंग दिसायला देखणं, पण दगडाने टवका उडाला की कडेतून पाणी आत शिरतं आणि थराखाली गंज पसरत जातो. वरून काळं, आतून पापुद्रे. स्लायडर खरोखर घासणार असेल तर इपॉक्सी प्रायमरवर साधा काळा रंग मारा. खरखरीत जांभा तो रंग एका दिवसात खाईल, पण ब्रशने परत लावायला दहा मिनिटं लागतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी नळीच्या आत मेणासारखा गंजरोधक स्प्रे मारून घ्यावा. नळीच्या खालच्या अंगाला दोन्ही टोकांजवळ सहा मिमीचं एकेक भोक असू द्या. ही भोकं चिखलाने बुजतात, आणि मग गाडी वळणावर वळली की आत पाणी खळखळल्याचा आवाज येतो. आवाज आला की तारेने भोक मोकळं करा, खाली लाल पाणी पडेल.